आकडा खरा, दावा खोटा: गुन्ह्यांची व्हायरल आकडेवारी कशी तपासायची

नोव्हेंबर 2015 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विटरवर एक चित्र पुढे पाठवलं. अमेरिकेत खून झालेल्या गोऱ्या लोकांपैकी 81 टक्के जणांना कृष्णवर्णीयांनी मारलं, असं त्यावर लिहिलं होतं. वर्ष छापलं होतं 2015, आणि स्रोत म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘क्राइम स्टॅटिस्टिक्स ब्यूरो’चं नाव होतं. पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा या नावाचं कार्यालयच नसल्याचं उघड झालं. शिवाय 2015 साल संपायला महिन्याहून जास्त अवधी होता; त्या वर्षाचे देशभरातले आकडे कुणाकडेच असणं शक्य नव्हतं. एफबीआयचे 2014 चे आकडे मात्र सगळ्यांसाठी खुले होते. एक बळी आणि एक आरोपी असलेल्या खुनांमध्ये 3,021 गोरे बळी होते. त्यातल्या 2,488 जणांना, म्हणजे सुमारे 82 टक्के लोकांना, गोऱ्यांनीच मारलं होतं. आरोपी कृष्णवर्णीय असलेली प्रकरणं 446, म्हणजे 15 टक्क्यांच्या आसपास. चित्रातला आकडा जवळजवळ उलटा होता.

अशी बनावट आकडेवारी पकडणं तुलनेनं सोपं असतं. संस्था खरी आहे का, ते वर्ष संपलंय का, त्या वर्षाचा अहवाल आलाय का, एवढं पाहिलं तरी पुरतं. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, 2022 चा अहवाल डिसेंबर 2023 मध्ये आला. त्यामुळे चालू वर्षाचे देशभरातले आकडे एनसीआरबीच्या नावानं फिरताना दिसले, तर तिथेच थांबावं.

अवघड असतात ते दुसऱ्या प्रकारचे संदेश. त्यांतला आकडा खरा असतो, सरकारी अहवालातून उचललेला असतो. अहवाल उघडला तर तक्त्यात तो तसाच सापडतो आणि आपली खात्री पटते. पण तो आकडा जे सांगतो आणि संदेश जे सांगतो, ते वेगळं असतं. माझ्या मते खरं नुकसान हेच संदेश करतात. ते ओळखायचे तर गुन्ह्यांचा आकडा तयार कसा होतो, हे आधी समजून घ्यावं लागतं.

गुन्हा घडतो, मग तो आकडा होतो

एखादी घटना घडली की ती आपोआप कुठल्याही तक्त्यात जात नाही. आधी कुणाला तरी ती सांगावीशी वाटावी लागते. मग पोलिसांनी तक्रार लिहून घ्यावी लागते. कुठल्या कलमाखाली लिहायची हे ठरतं, त्या कलमाचा आकडा कुठल्या रकान्यात जायचा हे ठरतं, आणि शेवटी वर्षभराची बेरीज होते. या प्रत्येक पायरीवर काही घटना गळतात, काहींचं नाव बदलतं.

ही गळती किती मोठी असू शकते, याचं एक मोजमाप इंग्लंड आणि वेल्समध्ये झालं. नोव्हेंबर 2014 मध्ये पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेनं अहवाल दिला, की लोकांनी पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी 19 टक्के गुन्हे नोंदवलेच जात नव्हते. लैंगिक गुन्ह्यांमध्ये हे प्रमाण 26 टक्के होतं, मारहाण आणि हिंसेच्या गुन्ह्यांत 33 टक्के. ही फक्त कळवलेल्या गुन्ह्यांतली गळती. जे कुणी कळवलेच नाहीत, ते यात धरलेले नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानं पोलिसांच्या गुन्हे-आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेतला होता. पुढे नोंदणी सुधारली आणि पोलिसांच्या दप्तरातली हिंसा झपाट्यानं वाढलेली दिसू लागली. घरोघरी जाऊन लोकांना त्यांचे अनुभव विचारणाऱ्या सर्वेक्षणात मात्र तशी वाढ दिसत नव्हती.

कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी हे पाहिलंय: ज्या जिल्ह्यात चाचण्या वाढवल्या, तिथली रुग्णसंख्या वाढलेली दिसायची, आणि चाचण्याच न करणारा जिल्हा कागदावर निरोगी राहायचा. गुन्ह्यांच्या आकड्यांचं असंच आहे. एनसीआरबी स्वतःच्या अहवालात हे स्पष्ट लिहिते, की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंदणी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हायरल चित्रात हे वाक्य कधीच येत नाही.

आता भारतातला एक आकडा बघा. 2012 मध्ये देशात बलात्काराचे 24,923 गुन्हे नोंदले गेले, 2013 मध्ये 33,707. एका वर्षात 35 टक्के वाढ. नुसत्या या दोन आकड्यांचं चित्र केलं तर देशात वर्षभरात काहीतरी भयंकर बदललं असं वाटेल. मधल्या काळात डिसेंबर 2012 मधलं दिल्लीतलं सामूहिक बलात्काराचं प्रकरण घडलं होतं. देशभर लोक रस्त्यावर उतरले. 2013 मध्ये कायदा बदलून बलात्काराची व्याख्या रुंद केली गेली, आणि तक्रार नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसासाठी शिक्षेची तरतूद झाली. पूर्वी ज्या बायका गप्प राहिल्या असत्या त्यातल्या काही बोलायला पुढे आल्या. या वाढीत प्रत्यक्ष वाढलेले गुन्हे किती आणि नव्यानं नोंदले जाऊ लागलेले किती, हे या दोन आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. पण ती वाढ म्हणजे केवळ अधोगती, असं म्हणणारा माणूस त्या बायकांचं बोलणंच अधोगतीत जमा करत असतो.

स्वीडनचंही असंच झालंय. ‘युरोपातली बलात्काराची राजधानी’ असं नाव देऊन स्वीडनचे आकडे जगभर फिरवले जातात, आणि बहुतेक वेळा त्याखाली स्थलांतरितांविरुद्ध एखादी ओळ असते. स्वीडनमध्ये मोजायची पद्धत वेगळी आहे. एखाद्या बाईनं सांगितलं, की नवऱ्यानं वर्षभरात तिच्यावर अनेकदा बलात्कार केला, तर तिथे प्रत्येक प्रसंग स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदला जातो. अनेक देशांत तोच एक गुन्हा धरला जाईल. तिथे तक्रार आली त्या क्षणी नोंद होते आणि पुढे तपासात तो गुन्हा नव्हता असं निघालं तरी ती नोंद आकड्यात राहते. 2005 मध्ये व्याख्या रुंदावली, आणि 1 जुलै 2018 पासून संमती नसलेला संभोग म्हणजे बलात्कार, असा कायदा लागू झाला. यातला प्रत्येक बदल आकडा वाढवणारा आहे. स्वीडनमध्ये लैंगिक हिंसेचा प्रश्न नाही, असं यातून सिद्ध होत नाही. दुसऱ्या देशाच्या तक्त्याशेजारी स्वीडनचा तक्ता ठेवून क्रमवारी लावता येत नाही, एवढं नक्की सिद्ध होतं.

बदनाम कोण होतं?

इथे मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती एका गोष्टीची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

समजा दोन पोलीस ठाणी आहेत. पहिल्या ठाण्यात मोबाइल चोरीला गेल्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ‘गहाळ’ झाल्याचा दाखला देऊन परत पाठवतात. मार खाऊन आलेल्या बाईची तक्रार ‘अदखलपात्र’ म्हणून वहीत लिहितात आणि तिला घरी जाऊन मिटवायला सांगतात. दुसऱ्या ठाण्यात दोघांचाही एफआयआर होतो. वर्षअखेरीस दुसऱ्या ठाण्याचा आकडा मोठा येतो. ‘सर्वाधिक असुरक्षित’ अशी यादी निघते तेव्हा त्यात वर कोण असणार?

गुन्हे आढावा बैठकीत वरिष्ठांसमोर आकडे ठेवायचे असतात. गेल्या वर्षापेक्षा वाढ का झाली, याचा जाब द्यायचा असतो. त्यात बाहेर समाजमाध्यमांवर याच आकड्यांवरून शहराची, जिल्ह्याची, सरकारची लाज काढली जात असेल, तर आकडा खाली आणायचा सोपा मार्ग कुठलाही अधिकारी ओळखून असतो. तक्रार लिहूनच घ्यायची नाही. म्हणजे आपण रागाच्या भरात, चांगल्या हेतूनं पुढे पाठवलेली क्रमवारी कुठेतरी एका पीडित माणसाला ठाण्याच्या दारातून परत पाठवायला कारण ठरते. क्रमवारीतलं तळाचं स्थान हे सुरक्षिततेचं लक्षण असू शकतं, आणि नोंदच होत नसल्याचं लक्षणही असू शकतं. नुसत्या आकड्यावरून यातलं काय खरं, हे सांगता येत नाही.

म्हणून तुलना करायचीच असेल तर ज्या गुन्ह्यांत लपवाछपवी अवघड असते, ते बघावेत. खून हा त्यातला सगळ्यात भरवशाचा, कारण प्रेत दडपणं कठीण. वाहनचोरीचे आकडेही बऱ्यापैकी विश्वासार्ह असतात, कारण विम्यासाठी एफआयआर लागतो. विनयभंग, घरगुती हिंसा, मारहाण, सायबर फसवणूक यांत नोंदणीचा वाटा फार मोठा असतो.

वर्ष कुठलं?

खुनाचा आकडाही डोळे झाकून घेता येत नाही, याचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2002-03 या वर्षात खुनांचा आकडा एकदम चढलेला दिसतो. त्यातले 172 खून हॅरॉल्ड शिपमन या एकाच डॉक्टरच्या नावावर आहेत. त्यानं ते केले होते अनेक वर्षांत, 1998 पर्यंत. चौकशी पूर्ण होऊन त्यांची खून म्हणून नोंद झाली 2002-03 मध्ये. हिल्सबरो स्टेडियममध्ये 1989 साली चेंगराचेंगरीत गेलेल्या 96 जणांचे मृत्यू 2016-17 च्या आकड्यांत आले, कारण नव्या न्यायचौकशीचा निष्कर्ष तेव्हा आला. तक्त्यातलं वर्ष बहुतेकदा नोंदीचं असतं, घटनेचं नसतं.

आपल्याकडे 2020 हे असंच फसवं वर्ष आहे. 2019 मध्ये देशात एकूण 51,56,158 दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, 2020 मध्ये 66,01,285. वाढ 28 टक्के. हा आकडा घेऊन ‘देशात गुन्हेगारीचा स्फोट’ असं म्हणणारे संदेश फिरले. त्या वर्षी टाळेबंदी होती. सरकारी आदेश मोडल्याबद्दलच्या कलम 188 खाली 2019 मध्ये 29,469 गुन्हे होते, ते 2020 मध्ये 6,12,179 झाले. भारतीय दंड संहितेखालचे ‘इतर गुन्हे’ 2,52,268 वरून 10,62,399 वर गेले. एकूण वाढ साडेचौदा लाखांच्या आत आहे, आणि तिच्यातले जवळपास चौदा लाख या दोन रकान्यांतूनच येतात. चोऱ्या मात्र पावणेसात लाखांवरून पाच लाखांच्या आत आल्या, कारण लोक घरात होते.

पुढच्या वर्षी टाळेबंदी सैल झाली, एकूण आकडा 60,96,310 वर उतरला. आता तोच आकडा ‘गुन्हेगारी घटली’ म्हणून मिरवता येतो. वाढ दाखवणारा आणि घट दाखवणारा, दोघांच्याही हातात सरकारी तक्ता असतो. एकूण गुन्ह्यांची बेरीज जिथे दिसेल, तिथे ती कशाकशाची आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. खून आणि मास्क न घालणं तिथे एकाच बेरजेत बसलेले असतात.

बेपत्ता, अपहरण आणि ‘मुलं पळवणारी टोळी’

मे 2023 मध्ये ‘गुजरातमधून पाच वर्षांत 40,000 हून अधिक महिला गायब’ अशी बातमी देशभर पसरली. एनसीआरबीच्या आकड्यांची बेरीज बरोबर होती: 2016 ते 2020 या काळात 41,621 महिला बेपत्ता झाल्याची नोंद होती. मग गुजरात पोलिसांनी सांगितलं, की यातल्या 39,497 महिला, म्हणजे जवळपास 95 टक्के, सापडल्या आणि कुटुंबाकडे परतल्या. बेपत्ता झाल्याची नोंद एका रकान्यात असते, सापडल्याची दुसऱ्या. संदेशात फक्त पहिला रकाना येतो. उरलेल्या दोन हजारांहून अधिक बायकांची चिंता करायलाच हवी, आणि ती नीट करायची तर त्यांना चाळीस हजारांच्या आकड्यात बुडवून चालणार नाही.

लहान मुलांच्या अपहरणाच्या आकड्यात याहून खोल गुंता आहे. अल्पवयीन मूल पालकांच्या संमतीशिवाय कुणासोबत गेलं, तर मूल स्वतःच्या मर्जीनं गेलं असलं तरी कायद्याच्या भाषेत ते अपहरण ठरतं. सतरा वर्षांची मुलगी प्रेमात पडून घर सोडते, तेव्हा बापाच्या तक्रारीवरून अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर करायचा आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाल्याचं गृहीत धरून तपास करायचा. चांगला आदेश, त्यामुळे हरवलेल्या मुलांचा शोध गांभीर्यानं सुरू होतो. पण अपहरणाच्या रकान्यात नव्यानं काय काय जमा होऊ लागलं, हे ध्यानात ठेवायला हवं. सगळ्या वयांचे मिळून 2012 मध्ये अपहरणाचे 47,592 गुन्हे होते, 2014 मध्ये 77,237. या वाढीचा अर्थ रस्त्यावर टोळ्या फिरू लागल्या, असा लावता येत नाही.

तसा अर्थ लावला की काय होतं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्या काळात व्हॉट्सअॅपवर फिरणारा मूल पळवण्याचा एक व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेला होता. अशा अफवेला सरकारी आकड्याची जोड मिळाली की ती अफवा वाटत नाही, माहिती वाटते. म्हणून अपहरणाच्या आकड्यांचा संदेश मी कधीही निरुपद्रवी मानत नाही.

भागिले किती?

मोठ्या राज्यात गुन्हे जास्त असणारच. म्हणून लाख लोकसंख्येमागे किती, असा दर काढतात. हा दर पाहावा, पण भागाकार कशानं केलाय हेही पाहावं. व्हॅटिकनमध्ये 2002 साली 608 फौजदारी गुन्हे नोंदले गेले आणि तिथली लोकसंख्या होती 455. दर काढला तर माणशी एकाहून जास्त गुन्हा. गुन्हे होते मुख्यतः पर्यटकांचे खिसे कापल्याचे, आणि लाखो पर्यटक लोकसंख्येत धरलेले नव्हते. एनसीआरबीच्या महानगरांच्या तक्त्यात 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या वापरतात. जे शहर 2011 नंतर वेगानं फुगलं, त्याचा दर त्यामुळे आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. महिलांवरील गुन्ह्यांचा दर लाख महिलांमागे असतो, तो एकूण दराशेजारी ठेवून तुलना करणं चूक.

टक्केवारीतली वाढ छोट्या आकड्यावर काढलेली असेल तर ती दुर्लक्ष करण्याजोगी असते. दोनाचे चार झाले, की शंभर टक्के वाढ.

‘अमुक धर्माचे इतके टक्के आरोपी’

भारतात असा दावा एनसीआरबीच्या नावानं आला, तर तो बहुतेक बनावटच समजावा. एनसीआरबीच्या गुन्ह्यांच्या वार्षिक अहवालात आरोपींचा धर्म दिलेलाच नसतो. धर्म आणि जात असते ती तुरुंगांच्या अहवालात, आणि तिथे गणती असते कैद्यांची. 2022 अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यातले 4,34,302, म्हणजे चारातले तीन, कच्चे कैदी होते; त्यांच्यावरचा खटला संपलेलाच नव्हता. आत कोण अडकून राहतं, हे जामिनाची रक्कम भरायची ऐपत आणि वकील मिळण्यावर बरंचसं ठरतं. त्या तक्त्यावरून कुठला समाज गुन्हेगार, असं म्हणणं म्हणजे गरिबीला गुन्हा ठरवणं.

दोषसिद्धीचा दरही असाच चुकीचा वापरला जातो. त्या वर्षी ज्या खटल्यांचा निकाल लागला, त्यांतल्या किती खटल्यांत शिक्षा झाली, हे तो सांगतो. त्या वर्षी दाखल झालेल्या गुन्ह्यांपैकी किती जणांना शिक्षा झाली, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

तळटीप वाचा

प्रत्यक्ष तपासताना मी सगळ्यात जास्त वेळ तळटिपांना देईन. एनसीआरबीच्या 2019 च्या अहवालात पश्चिम बंगालचे आकडे 2018 चेच आहेत, कारण त्या वर्षाची माहिती वेळेत आली नव्हती. हे तिथे लिहिलेलं आहे. त्यामुळे ‘बंगालमध्ये गुन्हे स्थिर’ किंवा त्याउलट, कुठलाही निष्कर्ष त्या तक्त्यावरून काढता येत नाही. अमेरिकेत 2021 मध्ये एफबीआयनं नोंदीची नवी पद्धत सक्तीची केली, आणि न्यूयॉर्क आणि लॉस एंजलिससारख्या शहरांच्या पोलिसांचे पूर्ण आकडे त्या वर्षी आलेच नाहीत. कच्ची बेरीज आधीच्या वर्षाशी लावली तर गुन्हे अचानक गायब झालेले दिसतात. एनसीआरबीच्या तक्त्यांना आणखी एक नियम लागू असतो: एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी त्यातला सगळ्यात गंभीर तेवढाच मोजला जातो. बलात्कार करून खून केला असेल, तर तो बलात्काराच्या रकान्यात सापडणार नाही. ‘बलात्कारासह खून’ असं वेगळं शीर्षक अलीकडच्या अहवालांत आहे, आणि दोन्ही रकाने एकत्र पाहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

चुकीचा संदेश पाठवणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो, आपल्या माणसांना सावध करू पाहत असतो. त्याला गटात सगळ्यांसमोर खोडून काढण्यापेक्षा वेगळा संदेश पाठवणं मला बरं वाटतं. त्यात आधी खरा आकडा आणि तो कशाचा आहे हे लिहावं, मूळ तक्त्याचा फोटो पानाच्या क्रमांकासकट जोडावा. खोटा दावा पुन्हा ठळक अक्षरांत लिहू नये, कारण घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात तोच राहतो.

येत्या काळात याची गरज वाढणार आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. हिसकावून नेण्याची चोरी आता स्वतंत्र गुन्हा आहे, संघटित गुन्हेगारीला स्वतःचं कलम आहे, कलमांचे क्रमांक सगळे बदललेत, आणि कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवण्याची सोय आता कायद्यातच आहे. 2023 चा आणि 2025 चा आकडा शेजारी ठेवून मोठा बाण काढलेलं चित्र आलं, तर रकान्याचं नाव दोन्ही वर्षी तेच आहे का आणि त्याची व्याख्याही तीच आहे का, हे आधी बघा.